कर्णकर्कश सायलेन्सरची तक्रार: पहिल्या अर्जापासून सायलेन्सर उतरेपर्यंत

रात्री पावणेबाराच्या सुमाराला ती बुलेट आमच्या गल्लीच्या तोंडाशी वळायची. वळताना तो मुलगा चालू गाडीची किल्ली क्षणभर बंद करायचा आणि लगेच पुन्हा फिरवायचा. तेवढ्यात न जळालेलं पेट्रोल तापलेल्या नळीत साचतं आणि किल्ली फिरली की ‘ठो’ करून पेटतं. माझ्या वडिलांची बायपास होऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते. ते दचकून उठायचे, हात छातीवरच्या टाक्यांवर जायचा, आणि मग पहाटेपर्यंत पंख्याकडे बघत पडून राहायचे.

मी पुण्यात राहते. तक्रार करायची म्हणून पहिला अर्ज लिहिला तो असा: ‘आमच्या भागात मोठ्या आवाजाच्या गाड्या फिरतात, ज्येष्ठ नागरिकांना त्रास होतो, तरी योग्य ती कारवाई व्हावी.’ दोन महिने काहीच झालं नाही. चौकशीला गेले तेव्हा एक हवालदार शांतपणे म्हणाले, “ताई, आवाज तर गेला. आता आम्ही नेमकं कोणाला धरायचं?” तेव्हा मला राग आला होता. नंतर लक्षात आलं की त्यांच्या त्या प्रश्नातच उत्तर होतं.

आवाज दहा सेकंदांत निघून जातो, सायलेन्सर मात्र गाडीला चोवीस तास असतो. म्हणून तक्रार आवाजाची करू नका, गाडीत केलेल्या बदलाची करा. खालच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत. माझा दुसरा अर्ज असा गेला आणि नवव्या दिवशी गाडी अडवली गेली.

१. कायद्याची चार कलमं ओळखीची करून घ्या

वकील लागत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ यातली ही कलमं वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवा.

कलम ५२: नोंदणी प्रमाणपत्रातल्या, म्हणजे आरसी बुकातल्या, कंपनीने ठरवून दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. सीएनजी किटसारखे काही बदल रीतसर परवानगीने होतात. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात याच कलमाचा अर्थ लावला आणि कंपनीच्या मूळ तपशिलाच्या विरुद्ध जाणारा बदल चालणार नाही असं स्पष्ट सांगितलं.

कलम १८२अ, पोटकलम ४: हे २०१९च्या दुरुस्तीने आलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. सायलेन्सर एक, कर्कश हॉर्न दुसरा.

कलम १९०, पोटकलम २: रस्ता सुरक्षा, आवाज आणि हवेचं प्रदूषण यांची मानकं मोडणारी गाडी सार्वजनिक जागी चालवणं किंवा चालवू देणं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्ससाठी अपात्र. ‘चालवू देणं’ यात गाडी दुसऱ्याच्या हातात देणारा मालकही येतो.

कलम १९४फ: विनाकारण किंवा सतत हॉर्न वाजवणं, हॉर्नबंदीच्या फलकाजवळ वाजवणं, आणि धूर सायलेन्सरमधून न सोडता मधूनच बाहेर काढणारा ‘कट-आउट’ वापरणं. पहिल्या वेळी १,००० रुपये, पुढे २,०००.

याच्या जोडीला केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले दोन नियम लिहून ठेवा: ११९ हॉर्नचा, १२० सायलेन्सरचा. एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा आणि कर्कश, किंचाळणारा हॉर्न ११९ मध्ये बसत नाही. गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवाच, हे १२० सांगतो.

एक गैरसमज इथेच दूर करते. कमाल दंड आणि प्रत्यक्ष चलनावरची रक्कम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. न्यायालयात न जाता जागेवर भरायची तडजोडीची रक्कम राज्य सरकार ठरवतं आणि ती कमाल दंडापेक्षा सहसा बरीच कमी असते. ‘दहा हजारांचा दंड का नाही लावला?’ म्हणून चौकीत भांडू नका. आपल्याला सायलेन्सर उतरलेला हवा आहे.

२. त्रास नेमका कशाचा, ते आधी ओळखा

सगळ्या मोठ्या आवाजाच्या गाड्या बेकायदा नसतात. कंपनीतून आलेल्या बुलेटचा आवाज जाड असतो, पण तो मान्यता घेऊन आलेला असतो. जुन्या टेम्पोचा गंजून भोक पडलेला सायलेन्सर हीसुद्धा वेगळी गोष्ट. आमच्या समोरच्या दूधवाल्यांच्या गाडीचा आवाज असाच होता. त्यांना नुसतं सांगितल्यावर त्यांनी आठवड्यात वेल्डिंग करून घेतलं. त्यांच्याविरुद्ध अर्ज दिला असता तर मला स्वतःला वाईट वाटलं असतं.

बदललेला सायलेन्सर ओळखायच्या खुणा: मूळ सायलेन्सरपेक्षा आखूड किंवा सरळ नळी, वर भाजू नये म्हणून असलेलं संरक्षक पत्र्याचं आवरण गायब, आणि शेवटच्या तोंडातली जाळी काढलेली. मुलं तिला ‘डीबी किलर’ म्हणतात. बाजारात हे प्रकार ‘पंजाबी’, ‘इंदोरी’ अशा नावांनी मिळतात. चारचाकीत मागची नळी जाड केलेली असते आणि पाय उचलला की फाटफाट आवाज येतो. तो बऱ्याचदा इंजिनाच्या कॉम्प्युटरमध्ये बदल करून मुद्दाम काढलेला असतो. अशा गाडीची उंचीही अनेकदा खाली आणलेली असते, तेही नोंदवा.

त्रास गाडीतल्या गाण्यांचा असेल, किंवा मुलं रात्री शर्यत लावत असतील, तर रस्ता वेगळा. शर्यतीसाठी कलम १८९ आहे आणि ती घडत असतानाच ११२ वर फोन करायचा असतो. अर्ज नंतर.

३. पंधरा दिवस वही ठेवा

सगळ्यात जास्त उपयोग मला या वहीचा झाला. साधी शंभर पानी वही घेतली, तिच्यात पाच रकाने आखले: तारीख, वेळ, गाडी कुठून कुठे गेली, नंबर, काय ऐकू आलं. माझ्या वहीतली एक ओळ अशी आहे: ‘मंगळवार, रात्री ११.४२, मेडिकलच्या कोपऱ्याकडून मंदिराकडे, काळी बुलेट, नंबरचे शेवटचे चार आकडे दिसले, वळणावर दोनदा फटाका.’

आठव्या दिवशी त्या वहीतून एक गोष्ट आपोआप दिसली. रविवार सोडला तर ही गाडी ११.३५ ते ११.५० याच वेळात येत होती. म्हणजे तो मुलगा कामावरून घरी जात असणार. दुसरी एक लाल गाडी फक्त शनिवारी संध्याकाळी यायची. पोलिसांच्या दृष्टीने हे फार मोलाचं असतं. त्यांना रात्रभर माणूस उभा करता येत नाही, पण पंधरा मिनिटांसाठी येतो.

वही एकटीने ठेवू नका. दोन-तीन घरांत ठेवा, शक्यतो वेगवेगळ्या मजल्यांवर. नोंदी जुळल्या की अर्जाला वजन येतं. मात्र एकमेकांच्या वहीत बघून नोंदी लिहू नका. ज्या दिवशी ऐकू आलं नाही त्या दिवशी ‘आली नाही’ असंच लिहा. माझ्या वहीत अशा तीन नोंदी आहेत, आणि पोलिसांनी वही चाळताना त्याच पानांवर बोट ठेवून मान हलवली.

४. पुरावा घ्या, पण गाडीच्या मागे जाऊ नका

पुरावा म्हणजे दोन गोष्टी: गाडीचा पूर्ण नंबर, आणि सायलेन्सर दिसेल असा फोटो किंवा व्हिडिओ.

व्हिडिओ आपल्या गॅलरीतून किंवा सार्वजनिक रस्त्यावर उभं राहून घ्या. वीस-पंचवीस सेकंद पुरे. सुरुवातीला दुकानाची पाटी किंवा रस्त्याचा फलक दिसू द्या, म्हणजे जागा कळते. रात्री नंबर प्लेटवर दिव्याचा झोत पडून आकडे पांढरे होतात, म्हणून गाडी पुढे गेल्यावर मागच्या बाजूने घेतलेली दृश्यं जास्त उपयोगी पडतात. सायलेन्सरही मागून नीट दिसतो. सोसायटीच्या गेटवर सीसीटीव्ही असेल तर सचिवांना सांगून त्या वेळेचं चित्रण लगेच बाजूला काढायला लावा. बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुनं पुसून त्यावर नवीन भरतात.

मूळ फाईल फोनमध्ये तशीच ठेवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, त्याचा दर्जा घसरतो. कापू नका, नाव बदलू नका, वर काही लिहू नका. प्रकरण पुढे न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं आणि तेव्हा मूळ फाईलच कामाला येते. नुसत्या अर्जासाठी त्याची गरज नाही.

नंबर मिळाला की सरकारच्या एमपरिवहन ॲपमध्ये टाकून बघा. गाडीचा प्रकार आणि कंपनी दिसते. मी पहिल्यांदा तीनाच्या जागी आठ वाचला होता आणि ॲपमध्ये स्कूटर आली. तो अर्ज तसाच गेला असता तर कोणा भलत्याच माणसाच्या दारात नोटीस गेली असती. नंबर दोनदा तपासा.

आता सापळे. फोनवरच्या डेसिबल ॲपचा आकडा अर्जात मुख्य मुद्दा करू नका. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, पण ती परिसरातल्या एकंदर आवाजाची आहे. झपकन जाणाऱ्या गाडीवर ती लावायला गेलात की ‘मोजणार कसं, कुठून, कोणत्या यंत्राने’ यात महिने जातात. बदललेला सायलेन्सर डोळ्यांनी दिसतो. त्याला मोजायला यंत्र लागत नाही.

गाडी अडवायला रस्त्यात उतरू नका. चावी काढून घेऊ नका. पाठलाग करून घर शोधू नका. आमच्याच भागातल्या एका काकांनी हात आडवा केला, गाडी घसरली, आणि पुढचे चार महिने तेच चौकीच्या फेऱ्या मारत होते. नंबर प्लेटचा फोटो परिसराच्या ग्रुपवर ‘यांना धडा शिकवा’ म्हणून टाकू नका. त्यातून मारामारी होते, कारवाई होत नाही.

५. कोणत्या टेबलावर जायचं

इथे बहुतेकांचे दोन-तीन आठवडे वाया जातात, माझेही गेले.

आत्ता, या क्षणी त्रास होत असेल तर ११२. बीट मार्शल, म्हणजे गस्तीवरचे पोलीस, येतात. गाडी निघून गेलेली असली तरी फोनची नोंद राहते. ती तारीख-वेळ वहीत लिहा.

रोजचा त्रास आणि नंबर हातात असेल तर तुमच्या भागाचा वाहतूक विभाग. मोठ्या शहरांत पोलीस आयुक्तालयाची वाहतूक शाखा वेगळी असते आणि तिचे भागवार विभाग असतात. तुमचं पोलीस ठाणं आणि तुमचा वाहतूक विभाग यांच्या हद्दी जुळतीलच असं नाही, म्हणून चौकातल्या वाहतूक पोलिसाला सरळ विचारा: “साहेब, हा रस्ता कोणत्या विभागात येतो?” मला हे उत्तर सिग्नलवर अर्ध्या मिनिटात मिळालं. तालुक्याच्या गावी वेगळी शाखा हाताशी नसेल तर अर्ज पोलीस ठाण्यात द्या आणि प्रत जिल्हा वाहतूक शाखेला.

गाडीच्या नोंदणीवर कारवाई हवी असेल तर प्रादेशिक परिवहन कार्यालय, म्हणजे आरटीओ. त्यांचे मोटार वाहन निरीक्षक असतात आणि रस्त्यावर तपासणीला वायुवेग पथकं निघतात. पुण्याचा एमएच १२ आणि पिंपरी-चिंचवडचा एमएच १४, अशी कार्यालयं वेगळी आहेत. गाडी ज्या कार्यालयात नोंदलेली आहे त्याला प्रत पाठवा.

महाट्रॅफिक ॲपमधूनही नागरिकांना नियमभंग कळवता येतो. एखाद्या गाडीसाठी ते चांगलं. पण रोज ठरावीक वेळी येणाऱ्या गाडीसाठी कागदी अर्जच द्या, कारण नाकाबंदी लावायचा निर्णय खुर्चीवरचा माणूस घेतो आणि त्याच्यासमोर तुमची वही असावी लागते.

६. अर्ज एका पानात बसवा

हा नमुना. तुमच्या तपशिलाप्रमाणे बदलून घ्या.

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक,
वाहतूक विभाग, (विभागाचं नाव)

विषय: सायलेन्सरमध्ये बेकायदा बदल केलेल्या वाहनाबाबत तक्रार.

महोदय,
वाहन क्रमांक (पूर्ण क्रमांक), रंग व प्रकार (…), हे वाहन (रस्त्याचं नाव) येथून रविवार वगळता दररोज रात्री ११.३५ ते ११.५० या वेळेत जाते. वाहनाचा मूळ सायलेन्सर काढून दुसरा बसवलेला आहे. सोबत दि. … व दि. … रोजीची छायाचित्रे, व्हिडिओ आणि १५ दिवसांच्या नोंदींची प्रत जोडली आहे.

हा बदल मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ चा भंग असून कलम १८२अ(४) व कलम १९०(२) नुसार कारवाईस पात्र आहे. कृपया वरील वेळेत (कोपऱ्याचं नाव) येथे तपासणी करून बदललेला सायलेन्सर काढून घ्यावा व केलेल्या कारवाईची लेखी माहिती द्यावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
(नावं, सह्या, इमारत)

प्रत: प्रादेशिक परिवहन अधिकारी, (शहर)

बघा, यात घरातल्या आजाऱ्याचं वर्णन नाही. मी दुसऱ्या अर्जात बाबांबद्दल एकच ओळ घातली होती, तीही शेवटी. आपल्याला जे सगळ्यात जास्त टोचतं ते पहिल्या ओळीत लिहावंसं वाटतं, ते समजू शकतं. पण वाचणाऱ्या अधिकाऱ्याला आधी नंबर, जागा आणि वेळ हवी असते.

सह्या पाच-सहा पुरेत. शंभर सह्या गोळा करण्यात महिना घालवू नका. दवाखाना, शाळा किंवा न्यायालय शंभर मीटरच्या आत असेल आणि तो भाग शांतता क्षेत्रात येत असेल, तर ती ओळ जरूर घाला. शांतता क्षेत्रात, आणि निवासी भागात रात्री, आणीबाणी वगळता हॉर्न वाजवायलाच बंदी आहे.

नाव द्यायची भीती वाटते? वाटणारच, गाडीवाला शेजारच्याच गल्लीत राहत असतो. सोसायटीच्या लेटरहेडवर अध्यक्ष-सचिवांच्या सहीने अर्ज द्या, म्हणजे एका घराकडे बोट जात नाही. २३ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कुर्ल्यातल्या भोंग्यांच्या, म्हणजे लाउडस्पीकरच्या, प्रकरणात पोलिसांना सांगितलं की ध्वनिप्रदूषणाच्या तक्रारीवर तक्रारदाराची ओळख न मागता कारवाई करावी. ते प्रकरण भोंग्यांचं होतं, तरीही ‘माझं नाव समोरच्याला सांगू नये’ अशी विनंती करताना त्याचा उल्लेख करायला हरकत नाही.

७. सोबत न्यायची कागदपत्रं

- अर्जाच्या तीन प्रती (एक द्यायची, एक आरटीओला, एक शिक्का मारून आपल्याकडे)
- वहीतल्या पानांची झेरॉक्स, मूळ वही फक्त दाखवायला
- फोटोंच्या छापील प्रती, मागे तारीख आणि वेळ लिहून
- व्हिडिओ पेन ड्राइव्हमध्ये
- एमपरिवहनवरच्या माहितीचा स्क्रीनशॉट
- ११२ ला फोन केला असेल तर त्या तारखा
- सोसायटीचा ठराव केला असेल तर त्याची प्रत; नसला तरी अडत नाही

८. पोहोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका

अर्ज आवक टेबलावर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही आणि आवक क्रमांक घ्या. ‘ठेवून जा, साहेबांना दाखवतो’ असं म्हणतील. नम्रपणे तिथेच उभं राहा. माझा पहिला अर्ज असाच ठेवून आले होते आणि नंतर तो कोणालाच सापडला नाही. शिक्का द्यायला तयारच नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती जपून ठेवा.

जाताना सकाळी अकराच्या आसपास जा. सणाच्या किंवा बंदोबस्ताच्या दिवशी जाऊ नका, माणूस जागेवर नसतो.

९. पंधराव्या दिवशी पुन्हा जा

अर्ज दिल्यावर दोन आठवडे थांबा, वही मात्र चालू ठेवा. मग आवक क्रमांक घेऊन जा आणि एवढंच विचारा: “अर्ज कोणाकडे दिलाय?” नाव कळलं की त्यांनाच भेटा. चिडून बोलण्याने तिथला माणूस मिटून जातो. त्यांच्याकडे दिवसाला अपघात, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे सगळं असतं.

काहीच हालचाल नसेल तर वाहतूक शाखेच्या पोलीस उपायुक्तांना स्मरणपत्र आणि आपले सरकार पोर्टलवर तक्रार. त्यानंतर माहितीचा अधिकार. महाराष्ट्रात अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, विषय एकच असावा लागतो आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसवायचा असतो. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. नाही आलं तर २० रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील.

माहिती अधिकारात ‘कारवाई का केली नाही?’ असं विचारू नका. ‘का’ला उत्तर मिळत नाही. कागदावर असलेली गोष्ट मागा: ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक तमुक, या अर्जावर आजपर्यंत केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीची प्रत द्यावी’ आणि ‘गेल्या सहा महिन्यांत या विभागात सायलेन्सर बदलल्याबद्दल केलेल्या कारवायांची महिनावार संख्या द्यावी’.

१०. गाडी अडवल्यावर काय होतं

त्या रात्री मी गॅलरीत होते. मेडिकलच्या कोपऱ्यावर दोन वाहतूक पोलीस उभे होते. ११.४० ला बुलेट आली, थांबवली गेली. खाली गेले तेव्हा एक पोलीस उकिडवे बसून मोबाईलचा टॉर्च नळीच्या तोंडात मारत होते. आत जाळी नव्हती, काही नव्हतं, नुसती काळी झालेली पोकळी. मुलगा बावीस-तेवीसचा असेल, पाठीवर ऑफिसची बॅग. “ओरिजिनल कुठाय?” असं विचारल्यावर खाली बघून म्हणाला, “घरी, माळ्यावर.”

गाडी रात्री ठेवून घेतली. सकाळी त्याच्या वडिलांनी मूळ सायलेन्सर गोणपाटात गुंडाळून आणला, सोबत मेकॅनिक. दोन नट, एक पट्टी, वीस मिनिटांचं काम. काढलेला सायलेन्सर पोलिसांनी ठेवून घेतला, चलन झालं. राज्यात अनेक शहरांत पोलीस असे जमा केलेले सायलेन्सर ओळीने मांडून त्यावर रोड रोलर फिरवतात, त्याची छायाचित्रं तुम्ही वर्तमानपत्रात पाहिली असतील. सायलेन्सर मोडला पाहिजे, हे बरोबरच आहे. परत दिला तर तो आठवड्यात पुन्हा गाडीला लागतो.

चालवणारा अठरा वर्षांखालचा निघाला तर प्रकरण फार गंभीर होतं. कलम १९९अ प्रमाणे पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, आणि गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. तुमच्या अर्जातल्या गाडीवर शाळकरी मुलगा दिसत असेल तर ते स्पष्ट लिहा. इथे आवाजापेक्षा त्या मुलाचा जीव मोठा आहे.

११. मुलगा आपल्याच इमारतीतला असेल तर

अर्जाआधी एकदा घरी जाऊन बोला. मुलाशी नको, आधी आईवडिलांशी, आणि चारचौघांत नको. पुष्कळ आईवडिलांना सायलेन्सर बदललाय हेच माहीत नसतं. त्यांना वाटतं गाडीच तशी आहे. त्यांना दोन गोष्टी सांगा. एक, दंड गाडीच्या मालकाच्या नावावर येतो, आणि आरसी बुक बहुतेक वेळा वडिलांच्या नावावर असतं. दोन, विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताच्या दाव्यात अडचणीचा ठरू शकतो. माझ्या अनुभवात दुसरा मुद्दा लगेच पटतो.

आणि तुमच्याच घरात असा सायलेन्सर असेल, तर आजच मूळ सायलेन्सर शोधा. विकून टाकला असेल तर कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून नवीन घ्या, बसवून घ्या आणि बिल आरसी बुकाच्या पाकिटात ठेवा.

१२. सायलेन्सर परत बसला तर

बसतो. आमच्या शनिवारच्या लाल गाडीचाही सायलेन्सर उतरवला होता, तिला तीन आठवड्यांत दुसरा बसला. अशा वेळी नवा अर्ज लिहू नका, जुन्याच अर्जाचा आवक क्रमांक वर टाकून ‘स्मरणपत्र क्रमांक १’ लिहा, आधीच्या कारवाईची तारीख द्या आणि नवा फोटो जोडा. पहिली कारवाई नोंदीवर असली की पुढचा गुन्हा दुसरा ठरतो. कलम १९०(२) खाली त्याला कैद सहा महिन्यांपर्यंत जाते. प्रत आरटीओला पाठवताना कलम ५३ प्रमाणे नोंदणी निलंबित करण्याचा विचार व्हावा, अशी एक ओळ वाढवा.

सायलेन्सर कोणत्या गॅरेजमध्ये बसतो ते कळलं असेल तर त्याचा वेगळा अर्ज द्या, गाडीच्या अर्जात मिसळू नका. दुकानावर वेगळा माणूस जातो, वेगळी नोंद होते. दुकानाचा पत्ता, बाहेर टांगलेल्या सायलेन्सरचा रस्त्यावरून घेतलेला फोटो, एवढं पुरतं.

लाल गाडीच्या स्मरणपत्रावर सोळाव्या दिवशी कारवाई झाली. माझी वही अजून चालू आहे, आता ती तिसऱ्या मजल्यावरच्या जोशीकाकू ठेवतात.